बोर्ड, बाटली आणि सकाळचं ऊन: निसर्गचित्रणाला पहिल्यांदा बाहेर पडताना

वाईच्या गणपती घाटावर मी पहिल्यांदा चित्र काढायला बसले तेव्हा माझ्याकडे चोवीस रंगांची पेटी होती, अकरा ब्रश होते, घडीचं टेबल होतं, मानेला लटकवलेला कॅमेरा होता. पाणी नव्हतं. समोर अख्खी कृष्णा वाहत होती, पण पायऱ्या उतरून डबा भरून वर येईपर्यंत ढोल्या गणपतीच्या देवळावर पडलेली तिरपी सावली निम्मी सरकली होती. मग मी सावली बदलली. थोड्या वेळानं ती पुन्हा बदलली. साडेदहाला चित्रात तीन दिशांनी ऊन येत होतं.

माझं चित्रकलेचं शिक्षण शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांपुरतं. नोकरी बँकेत, म्हणजे रंगांना रविवार. तेव्हा इथं लिहिते ते कलाशाळेतलं नाही. हौसेनं बाहेर पडणाऱ्याला पहिल्या पाच-सहा रविवारी जे कळायला हवं, तेवढंच आहे. जलरंग धरून लिहिलंय, कारण बसमधून न्यायला आणि ओलं चित्र परत आणायला तेच सोयीचे.

सामान: एका पिशवीत आणि एका हातात

नियम सोपा ठेवा. एसटीत चढताना एक हात मोकळा राहिला पाहिजे.

कागद ३०० जीएसएमचाच घ्या (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तितका कागद जाड). पातळ ड्रॉइंग पेपरवर पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा मोठा सलग थर, मारला की त्याला फुगे येतात आणि सगळं पाणी खळग्यांत साचतं. मग चूक आपली की कागदाची, हेच नवख्याला कळत नाही. पूर्ण ताव २२ × ३० इंचांचा असतो. त्याचे चार तुकडे केले की ११ × १५ इंचांचे कागद मिळतात. सुरुवातीला एवढा आकार पुरे, किंबहुना त्याच्याही निम्मा चालेल. शंभर टक्के कॉटनचा कागद महाग असतो, पण उन्हाळ्यात पाणी धरून ठेवतो. मी सरावाला साधा आणि चांगल्या दिवसाला कॉटनचा नेत असे. नंतर लक्षात आलं की चांगला दिवस कुठला हे आधी कळत नाही.

रंग सहा: लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, क्रिमसन, अल्ट्रामरीन आणि सेरुलियन किंवा कोबाल्ट ब्लू. ट्यूबच घ्या. कोरड्या वड्या घासत बसलं की मोठ्या वॉशला रंग पुरत नाही. काळी ट्यूब घरी ठेवा. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळूनच चांगला येतो. सिएना जास्त पडला तर उन्हातला दगड, निळा जास्त पडला तर सावलीतला.

ब्रश तीन. एक इंची फ्लॅट, बारा नंबरचा राउंड आणि सहा नंबरचा राउंड. याहून बारीक ब्रश पहिल्या वर्षी नेऊच नका, नाहीतर पानं मोजत बसाल.

याशिवाय हलका प्लायचा किंवा एमडीएफचा बोर्ड, मास्किंग टेप, दोन क्लिपा, टू-बी पेन्सिल, खोडरबर, जुन्या सुती साडीचा तुकडा (टिश्यूपेक्षा कधीही चांगला), पाण्यासाठी दोन डबे, बसायला घडीचं स्टूल, टोपी. पाणी घरून दोन लिटर. एका डब्यात ब्रश धुवायचा, दुसरं पाणी रंगात घालायला स्वच्छ राहिलं पाहिजे.

छत्री न्या, पण काळी किंवा पांढरी. माझ्या मैत्रिणीनं लाल छत्रीखाली बसून आकाश रंगवलं. छत्रीखाली ते छान निळं दिसत होतं, बाहेर आणल्यावर वेगळंच निघालं. गॉगलचंही तेच, रंगवताना काढून ठेवा.

पहिला रविवार घरापासून चालत

वाई, मेणवली, कास ही नावं ऐकून लगेच तिकडे धावू नका. नव्वद किलोमीटर गेल्यावर चित्र चांगलं यायलाच हवं, असं मनावर दडपण येतं आणि हात आखडतो. पहिलं चित्र गच्चीवरून काढा. समोरची पाण्याची टाकी, मागे नारळाचं झाड, त्यामागे आकाश. दुसरं चित्र चालत जाता येईल अशा ठिकाणी. पुण्यात असाल तर पर्वतीच्या पायऱ्या, ओंकारेश्वराचा परिसर; कोल्हापुरात रंकाळा; नाशकात गोदाकाठ. त्याच जागी तीनदा जा. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहमान कोटितीर्थ तलावाच्या काठी राहत आणि आसपासचंच पाणी, झाडी, उजेड रंगवत. एकाच जागी पुन्हा गेलं की पाहण्यातलं नवल संपतं आणि निरीक्षण सुरू होतं.

वाई तिसऱ्या-चौथ्या रविवारी. पुण्याहून स्वारगेटवरून गाडी मिळते. खंबाटकी घाट उतरून सुरूर फाट्यावरून आत वळलं की उजेडाचा रंगच बदलल्यासारखा वाटतो. निदान मला तरी.

कधी निघायचं

थंडीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे नवख्यासाठी उत्तम दिवस. हवेत धूसरपणा असतो, त्यामुळे लांबचे डोंगर आपोआप फिके आणि निळसर होतात आणि चित्रात खोली येते. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो. तेव्हा आपण जागेवर हजर असलं पाहिजे, घरातून निघालेलं नव्हे. सव्वासात ते साडेनऊ हे कामाचे तास. नंतर ऊन डोक्यावर चढतं, सावल्या पायाशी गोळा होतात आणि देऊळ पुठ्ठ्याचं दिसू लागतं.

एप्रिल-मेमध्ये वॉश अर्ध्यावर येईस्तोवर वरचा भाग वाळलेला असतो आणि मध्ये कडक कड उठते. त्या दिवसांत कागद आधी दोन्ही बाजूंनी ओला करून घ्या. पावसाळ्यात उलटं. तासभर काही वाळतच नाही. श्रावणात मी रंगवण्यापेक्षा फोटो जास्त काढते आणि देवळाच्या ओवरीत बसून पेन्सिलीनं स्केच करते. भाद्रपदात कासचं पठार फुललेलं असतं. तिथं बोर्ड मांडून फुलांत बसायचा विचारही करू नका. आखलेल्या वाटेवर उभं राहून पाहा, फोटो घ्या, परत या.

जागा हेरणं, आणि बरंच काही सोडून देणं

पोचल्यावर पिशवी खाली ठेवू नका. पिशवी टेकली की माणूसही टेकतो, आणि मग समोर येईल ते रंगवतो. पंधरा मिनिटं नुसतं फिरा.

मेणवलीचं उदाहरण घेते. वाईपासून तीनेक किलोमीटरवर नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेवरचा चंद्रकोरीसारखा घाट, मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ, आणि एका छोट्या बांधणीत टांगलेली, वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा. पहिल्यांदा गेलेला माणूस म्हणतो, हे सगळं घेऊ. तिथंच चित्र बुडतं. घाटाचा एक वळसा, एक शिखर आणि पाण्यातलं प्रतिबिंब एवढ्यावर एक सकाळ सहज जाते. घंटेचं चित्र वेगळ्या दिवशी.

निवडायला सोपी युक्ती आहे. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यात साडेपाच बाय साडेसात सेंटीमीटरची खिडकी कापा. ११ × १५च्या कागदाचं हेच प्रमाण. एक डोळा मिटून त्यातून पाहत फिरा. खिडकीतून पाहताना तीन मोठे आकार, एक गडद, एक उजळ, एक मधला, पटकन दिसले तर ती जागा तुमची. शंभर बारीक गोष्टी दिसल्या तर पुढं चला.

बसायची जागाही पाहा. कागदावर थेट ऊन येता कामा नये. उन्हातला पांढरा कागद डोळे इतका दिपवतो की आपण नकळत सगळं गडद रंगवतो, आणि घरी ट्यूबलाइटखाली चित्र काळवंडलेलं दिसतं. नऊ वाजता ऊन कुठं पोचेल याचा आताच अंदाज घ्या. मुंग्यांचं वारूळही पाहा. हे अनुभवाचे बोल आहेत, जास्त विचारू नका.

पाच मिनिटांच्या तीन चौकटी

नवखे लोक हमखास टाळतात ती ही पायरी, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची हीच. कागदाला हात लावण्याआधी वहीत काडेपेटीएवढ्या तीन चौकटी काढा. प्रत्येकीत तेच दृश्य थोडं हलवून मांडा: एकदा आकाश जास्त, एकदा पाणी जास्त, एकदा देऊळ बाजूला सरकवून. फक्त पेन्सिल, आणि फक्त तीन छटा: कागदाचा पांढरा, मधला राखाडी, गडद. डोळे किलकिले करून पाहिलं की बारकावे विरघळतात आणि या तीन छटाच उरतात.

तिन्हींतली एक निवडा आणि त्यात सावल्यांच्या कडा ठळक आखून टाका. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, दोन तासांत सगळ्या सावल्या जागा सोडतात. तुम्ही मात्र वहीतल्या सावल्यांशी प्रामाणिक राहायचं. समोर कितीही सुंदर नवीन कवडसा पडला तरी तो घ्यायचा नाही. क्लोद मोनेसारखे चित्रकार उजेड बदलला की दुसरा कॅनव्हास काढत. आपल्याकडे एकच बोर्ड आहे.

आता रंग

माझं सकाळचं गणित साधारण असं असतं. वीस मिनिटं रेखाटन, पंधरा मिनिटं पहिला वॉश, दहा मिनिटं वाळायला, अर्धा तास मधल्या छटा, पंधरा मिनिटं गडद. दीड तासात चित्र संपलं पाहिजे. संपलं नाही तरी थांबायचं.

रेखाटन हलक्या हातानं. पायऱ्या मोजू नका. क्षितिजरेषा मात्र आधी नक्की करा, ती म्हणजे तुमच्या डोळ्यांची उंची. स्टुलावर बसलात तर खाली येते, उभे राहिलात तर वर जाते. अर्धं चित्र बसून आणि अर्धं उभं राहून काढलं की पायऱ्या चढतात का उतरतात तेच समजत नाही.

पहिला वॉश बोर्ड थोडा तिरका करून, खाली दोन बोटांचा दगड ठेवून, फ्लॅट ब्रशनं वरून खाली. आकाश, लांबचे डोंगर, जमिनीचा उबदार रंग, पाणी, सगळं एका दमात, ओल्यात ओलं मिसळू देत. फक्त उन्हातली शिखरं आणि पायऱ्यांचे उजळ काठ कोरे सोडा. जलरंगात पांढरा रंग म्हणजे कागदच. इथं रंग वाटतो त्याहून दाट घ्या, वाळल्यावर तो चांगलाच फिका होतो. पहिल्या सहा महिन्यांतली माझी सगळी चित्रं ताकात बुडवल्यासारखी आहेत ती यामुळेच.

वाळू द्या. बोटाच्या मागच्या बाजूनं कागदाला हलकेच स्पर्श करा. गार लागला तर आत ओल आहे. ही दहा मिनिटं चहाची आणि कॅमेऱ्याची.

मग बारा नंबरच्या ब्रशनं सावल्या. अल्ट्रामरीनमध्ये थोडा क्रिमसन आणि चिमूटभर सिएना असं मिश्रण एकदाच भरपूर करून ठेवा आणि देवळाची, झाडाची, घाटाची सावली शक्य तितकी जोडून, सलग मारा. तुकड्या-तुकड्यांनी मारलेली सावली ठिगळ दिसते. प्रतिबिंब करताना उजळ वस्तूचं किंचित गडद आणि गडद वस्तूचं किंचित उजळ घ्या, काठ उभ्या ओढीनं. पाणी लगेच सपाट पडतं.

शेवटी गडद: दारांचे कोनाडे, झाडांची बुंधं, एखादी होडी, धुणं धुणारी माणसं. माणूस म्हणजे एक ठिपका आणि खाली गाजरासारखा आकार, पाय वेगळे काढायचे नाहीत.

हिरव्याबद्दल दोन शब्द वेगळे लिहायला हवेत, कारण आपल्याकडे हिरवा बुडवतो. ट्यूबमधला सॅप ग्रीन तसाच लावला की सगळी झाडं एकाच रोपवाटिकेतून आणल्यासारखी दिसतात. हिरवा स्वतः करा: लेमन यलो आणि अल्ट्रामरीन, त्यात सिएना टाकला की आंबा-वडाचा जून हिरवा, ऑकर आणि सेरुलियनचा मळकट हिरवा लांबच्या झाडीला, जवळच्या उन्हातल्या गवतात जवळजवळ पिवळाच. फाल्गुनात पळस, पांगारा फुलतो तेव्हा त्या केशरीला सगळं चित्र ओढलं जातं, म्हणून एकच झाड घ्या.

कॅमेरा: वही म्हणून, शिक्षक म्हणून नव्हे

फोटो आणि चित्र एकाच फेरीत करायचं तर क्रम ठरवून घ्या. पहिला फोटो चौकटी काढून झाल्यावर लगेच, सावल्या ठरल्या त्या क्षणी. बाकी सगळे फोटो वाळण्याच्या वेळेत किंवा चित्र संपल्यावर. हे पाळलं नाही तर पोपट उडाला, होडी आली, म्हैस पाण्यात उतरली, असं करत सकाळ संपते आणि कागद कोरा राहतो.

मोबाइल पुरतो. दोन गोष्टी मात्र ध्यानात घ्या. मोबाइलची नेहमीची लेन्स रुंद असते, त्यामुळे पुढची पायरी भलतीच मोठी होते आणि मागचा पांडवगड टेकाड होऊन बसतो. दोन पट झूम करा, थोडं मागे सरका, मग डोळ्यांना दिसतं तसं काहीसं येतं. दुसरं, कॅमेरा उजेड आणि सावली एकदम पकडू शकत नाही. आकाश धरलं तर सावल्या काळ्या, सावल्या धरल्या तर आकाश पांढरं. मोबाइल दोन्ही जोडून देतो तेव्हा सगळंच सारख्या उजेडात न्हाऊन निघतं. म्हणून दोन फोटो घ्या. स्क्रीनवर आकाशाला बोट दाबून धरलं की उजेड लॉक होतो, एक तसा. मग सावलीवर बोट दाबून दुसरा. आपला डोळा सावलीत निळा, जांभळा, शेवाळी असं बरंच पाहतो, ते फोटोत कुठंच नसतं. त्यासाठीच तर जागेवर बसायचं.

वेगळा कॅमेरा असेल तर निसर्गदृश्याला अ‍ॅपर्चर (लेन्समधल्या छिद्राचं माप) ८ ते ११च्या दरम्यान, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० किंवा २००, आणि पहाटे ट्रायपॉड. पोलरायझर फिल्टर ओल्या पानांवरची चकाकी घालवतो आणि हिरवा गडद करतो, पण पाण्यावर वापरताना फिरवून पाहा, हवं असलेलं प्रतिबिंबच पुसलं जाऊ शकतं. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्यावर लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा पिशवीतच पंधरा मिनिटं बाहेरच्या हवेला सरावू द्या, पुसत बसू नका.

मोबाइलचा खरा उपयोग मला उशिरा सापडला. चित्र अर्धं झालं की दृश्याचा आणि चित्राचा फोटो घ्यायचा आणि दोन्ही कृष्णधवल करायचे. रंग निघून गेले की चूक डोळ्यात भरते: डोंगर देवळाइतकाच गडद झालाय, पाणी आकाशाहून उजळ. दुरुस्ती तिथल्या तिथं करता येते.

पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला परवानगी लागते, हातात धरून फोटो काढायला सहसा कुणी अडवत नाही. गाभाऱ्यात विचारल्याशिवाय कॅमेरा नको. लष्करी हद्दीजवळ तर बाहेरच काढू नका.

माणसं

पाच मिनिटांत मागे चार जण उभे राहतात. शाळेतली पोरं "मॅडम, माझं काढा ना" म्हणतात, एखादे आजोबा म्हणतात, "हे झाड तिकडं हाये, तुम्ही हिकडं घेतलंत." सुरुवातीला हात थरथरतो. भिंतीला पाठ लावून बसलं की निम्मी गर्दी टळते. उरलेल्यांशी बोला, सूर्य कुठं मावळतो, पूर कुठवर येतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून, हे मला तिथल्याच एका आजींनी सांगितलं. त्यानंतर ती भिंत मला नीट काढता आली.

घाटावर बायका कपडे धुतात, लोक अंघोळ करतात. चित्रात ते ठिपके असतात, फोटोत माणसं असतात. विचारून काढा, नको म्हणाल्या तर कॅमेरा खाली.

बायकांनी सुरुवातीला दोघी-तिघींनी जावं, असं मी सांगेन. भीतीपेक्षा सोय म्हणून. एकीनं सामान पाहायचं, दुसरीनं बाथरूम शोधायचं. आडबाजूचा निर्मनुष्य माळ चित्रात सुंदर दिसतो, पण तिथं तीन तास एकटीनं पाठमोरं बसणं मला अजून जमत नाही.

निघताना रंगाचं पाणी नदीत ओतू नका. आपल्या रंगांत कोबाल्ट, कॅडमियमसारखे धातू असू शकतात. मी ते रिकाम्या बाटलीत भरून घरी आणते. टेप चित्र पूर्ण वाळल्यावरच काढा, कागदापासून बाहेरच्या दिशेनं, सावकाश. आणि गाडीत बसल्यावर, झोप लागायच्या आत, चित्राच्या मागे पेन्सिलीनं लिहा: जागा, तारीख, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, ऊन कुठल्या खांद्यावर होतं. माझ्या पहिल्या चित्रामागे फक्त एक ओळ आहे: "पाणी आणणे."